तलंग प्रदर्शनाला केव्हा न्यावी?

ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात नोव्हेंबर महिन्यात ‘ओहायो नॅशनल’ हे कोंबड्यांचे प्रदर्शन भरते. अमेरिकेतल्या मोठ्या प्रदर्शनांपैकी हे एक. लांबच लांब ओळींत पिंजरे मांडलेले असतात आणि प्रत्येक पिंजऱ्यात आपल्या जातीचा एक-एक पक्षी उभा असतो. समजा, तिथे दोन तरणे कोंबडे आले आहेत. एक पांढरा लेगहॉर्न, दुसरा लाइट ब्रह्मा. दोघेही जूनच्या पहिल्या आठवड्यात अंड्यातून बाहेर पडलेले, म्हणजे दोघांनीही नुकतेच पाच महिने ओलांडलेले. लेगहॉर्नचा तुरा लालभडक झाला आहे, शेपटीची कमान भरत आली आहे आणि तो छाती काढून आरवतो आहे. ब्रह्मा त्याच्याहून उंच आणि हाडापेराने थोराड आहे, पण अंगावर मांस भरलेले नाही, शेपूट आखूड आहे आणि पायांवरची पिसे अजून कोंबातच आहेत. लेगहॉर्न स्पर्धेला उतरला आहे. ब्रह्माला मात्र नुसते आणून ठेवले आहे.

कागदावर दोघांचे वय एकच असताना हा फरक का पडतो, हे ज्याला उमगले त्याला प्रदर्शनाच्या कोंबड्या पाळण्यातली अर्धी विद्या आली. हौशी पाळणारे दर वर्षी हाच प्रश्न विचारतात: माझी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, तयार झाली का? उत्तर कॅलेंडरात शोधले की फसगत होते. ते पक्ष्याच्या अंगावर लिहिलेले असते. फक्त ते वाचता यायला हवे.

वय कशावरून ठरवायचे?

आपल्याकडे पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत किंवा आटपाडीच्या खिलार जनावरांच्या बाजारात गेलात, तर बैलांची वर्गवारी दातांवरून होताना दिसेल. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. जनावराचे तोंड उघडून पाहिले की वाद मिटतो. कोंबडीला दात नाहीत, त्यामुळे कोंबड्यांच्या प्रदर्शनांना वयाची दुसरी व्यवस्था लावावी लागली.

अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या नियमात सरळ वर्षाची रेघ आहे. एक वर्षाच्या आतला नर आणि एक वर्षाच्या आतली मादी यांचे वेगळे गट, वर्ष पूर्ण केलेला कोंबडा आणि वर्ष पूर्ण केलेली कोंबडी यांचे वेगळे. म्हणजे प्रत्येक जातीत आणि प्रत्येक रंगात चार गट. ब्रिटनमध्ये रेघ जरा निराळी आहे. तिथे चालू हंगामात जन्मलेला पक्षी कोवळ्या गटात जातो आणि पहिली प्रौढ पीसझड होऊन गेलेला पक्षी मोठ्यांच्या गटात. जर्मनीत तर प्रदर्शनात येणाऱ्या पक्ष्याच्या पायात वर्ष कोरलेली अखंड कडी असावीच लागते. ही कडी पिल्लाचा पंजा लहान असतानाच सरकवतात. पंजा वाढला की ती ना घालता येते ना काढता. त्यामुळे वयाची लबाडी करायला जागाच राहत नाही.

पण या सगळ्या व्यवस्था वयाची वरची मर्यादा ठरवतात. ‘याहून मोठा पक्षी या गटात नको’ एवढेच त्या सांगतात. खालच्या टोकाला पाळणाऱ्याचा स्वतःचा निर्णय असतो. तीन महिन्यांचे पिल्लूही कोवळ्या गटात दाखल करता येते. त्याला कोणी बाद करणार नाही, पण ते जिंकणारही नाही. कारण परीक्षकाच्या डोळ्यांपुढे त्या जातीचा पूर्ण वाढलेला, भरलेला नमुना असतो आणि समोरचा पक्षी त्याच्या किती जवळ पोचला आहे, एवढेच तो पाहतो.

नमुना आला कुठून?

ब्रिटनमध्ये १८३५च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. चांगले पक्षी पाळायची हौस मात्र संपली नाही, तिला दुसरी वाट हवी होती. १८४५च्या जून महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत कोंबड्यांचे प्रदर्शन भरले आणि चार वर्षांनी, १८४९च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या बॉस्टनच्या सार्वजनिक बागेत तसेच प्रदर्शन झाले. तिथे हजाराहून अधिक पक्षी आले होते. चीनमधून आलेल्या थोराड, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्यांनी त्या काळात लोकांना वेड लावले होते. ब्रह्मा ही जातही त्याच वेडातून अमेरिकेत घडली. तिचे नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले असले, तरी तिच्या पूर्वजांत शांघायहून आलेल्या कोंबड्यांचा मोठा वाटा आहे.

प्रदर्शने वाढली तसे परीक्षकांचे मतभेदही वाढले. एकाला आवडलेला पक्षी दुसऱ्याला नापसंत व्हायचा. म्हणून १८७३ मध्ये बफलो शहरात अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने प्रत्येक जातीचे लक्षण सांगणारे प्रमाण-पुस्तक छापले. तुऱ्याला किती दाते असावेत, पाठीची रेघ कशी असावी, पिसाचा रंग कसा असावा, वजन किती असावे, सगळे त्यात बांधून दिले. आजही त्याच पुस्तकाच्या सुधारित आवृत्तीवर अमेरिकेतले परीक्षण चालते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या पुस्तकातली एक बाब फार मोलाची आहे: कोवळ्या आणि प्रौढ पक्ष्यांची वजने त्यात वेगवेगळी दिली आहेत. लाइट ब्रह्माच्या प्रौढ कोंबड्याचे वजन १२ पौंड, म्हणजे सुमारे ५.४ किलो, आणि कोवळ्या कोंबड्याचे १० पौंड, म्हणजे सुमारे ४.५ किलो. लेगहॉर्नचा प्रौढ कोंबडा ६ पौंडांचा, कोवळा ५ पौंडांचा. तलंगेसाठीही तसेच: ब्रह्माची ८ पौंड, लेगहॉर्नची ४ पौंड. म्हणजे कोवळ्या पक्ष्याने प्रौढ दिसावे अशी अपेक्षा कोणी करत नाही, पण कोवळ्या वयातले त्याचे स्वतःचे पुरेपण त्याने गाठलेले असावे. लेगहॉर्नच्या तरण्या कोंबड्याला सव्वादोन किलो गाठायचे आहेत, ब्रह्माला साडेचार. दुसऱ्याला वेळ जास्त लागणार, हे आकड्यांतच लिहिले आहे.

पिसांचे वेळापत्रक

कोंबडीचे पिल्लू २१ दिवसांनी अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्या अंगावर मऊ लव असते. पहिल्या सहा आठवड्यांत ती जाऊन खरी पिसे येतात. पण ही पिसेही तात्पुरती. वाढत्या वयात पिल्लू आणखी तीनदा काही काही पिसे बदलते: ढोबळमानाने सातव्या ते नवव्या आठवड्यात, मग बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात आणि शेवटी विसाव्या-बाविसाव्या आठवड्याच्या सुमारास. या शेवटच्या खेपेला शेपटीतली ताठ पिसे बदलतात. म्हणून साडेचार-पाच महिन्यांचा पक्षी दुरून देखणा दिसला, तरी हातात घेतल्यावर त्याच्या शेपटीच्या बुडाशी निळसर, रक्ताने भरलेले कोंब लागतात. पीस वाढत असताना त्याच्या देठातून रक्त वाहत असते. वाढ पुरी झाली की देठ सुकतो, पांढरा आणि टणक होतो. असे सगळे देठ सुकलेले असणे ही पिसांच्या बाबतीत तयार पक्ष्याची पहिली खूण.

पंख उघडून पाहिला तर आणखी कळते. पंखाच्या टोकाकडे साधारण दहा मोठी पिसे असतात. पिल्लाची ही पिसे आतल्या बाजूने सुरुवात करून एकेक करत बाहेरच्या टोकाकडे बदलत जातात. जुने पीस फिकट, झिजलेले. नवे रुंद आणि तकतकीत. बाहेरच्या टोकाला जुनी पिसे उरली असतील आणि मध्ये एखादे अर्धवट वाढलेले असेल, तर पंखात फट दिसते. परीक्षक पंख उघडणारच, आणि ती फट त्याला दिसणारच.

रंगाचे गणित याहून नाजूक आहे. सिल्व्हर लेस्ड वायंडॉट ही जात तिच्या प्रत्येक पांढऱ्या पिसाभोवतीच्या काळ्या किनारीसाठी ओळखली जाते. पण पिल्लाच्या पिसांवर ही किनार नसते. तिथे काळ्या-पांढऱ्याची नुसती गिचमिड दिसते. किनार उमटते ती मोठेपणीच्या पिसावर. तीन महिन्यांची वायंडॉट पाहून ‘रंग बिघडला’ म्हणून काढून टाकणारे नवखे अनेक असतात. त्यांच्या हातून कदाचित पुढचे सर्वोत्तम पाखरू गेलेले असते. बार्ड प्लिमथ रॉकच्या पिसांवर आडव्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात आणि त्या जितक्या रेखीव तितकी कोंबडी चांगली. अनुभव असा, की ज्या घराण्यात पिसे सावकाश येतात त्यातल्या पट्ट्या अधिक सुबक उतरतात. म्हणजे इथे मंद वाढ हा दोष नसून गुणाचीच बाजू आहे.

उलट्या दिशेने जाणाऱ्या जातीही आहेत. अँकोना काळी, आणि तिच्या पिसांच्या टोकांवर पांढरे ठिपके. दर पीसझडीत हे पांढरे वाढत जाते. पहिल्या वर्षी ठिपके मोजके आणि नेटके असतात. तिसऱ्या वर्षी तीच कोंबडी पांढऱ्याने माखून जाऊ शकते. स्पेकल्ड ससेक्सच्या अंगावरचे ठिपकेही असेच वाढतात, पण तिथे पहिल्या वर्षी ते पुरेसे नसण्याचीच तक्रार जास्त ऐकू येते आणि दुसऱ्या वर्षी कोंबडी खुलते.

पिसाबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पीस मुख्यतः प्रथिनाचे बनते आणि एकदा वाढून पुरे झाले, की आपल्या नखासारखे निर्जीव होते. मोडले तर सांधत नाही. वाढत असताना पिल्लाला उपास घडला, आजार झाला किंवा मोठी भीती बसली, तर त्या दिवसाची आडवी बारीक रेघ पिसावर कायमची राहते. उजेडात धरलेल्या पिसावर अशी रेघ दिसली, की दोन महिन्यांपूर्वी खुराड्यात काही तरी चुकले होते हे जाणकार ओळखतो. खुडलेले पीस पुन्हा पुरते वाढायला सहा ते आठ आठवडे जातात. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात शेपूट मोडली तर त्या हंगामाला हात जोडावेत हेच खरे.

तुरा काय सांगतो?

बॉस्टनला पहिले प्रदर्शन भरले त्याच वर्षी, १८४९ मध्ये, जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन इथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड या शास्त्रज्ञाने सहा कोवळ्या कोंबड्यांवर एक प्रयोग केला. सगळ्यांची वृषणे काढली. दोघांना तसेच सोडले. त्यांचे तुरे खुरटले, आरवणे आणि भांडणे गेले. बाकीच्या चौघांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, काहींत स्वतःचे, काहींत दुसऱ्याचे. या चौघांचे तुरे वाढले, ते आरवू लागले, माद्यांमागे फिरू लागले. वृषणातून रक्तात काही तरी मिसळते आणि ते सबंध शरीरावर काम करते, हा निष्कर्ष त्यातून निघाला. संप्रेरकांच्या शास्त्राची सुरुवात म्हणून आज हा प्रयोग सांगितला जातो.

प्रदर्शनवाल्याला यातून मिळते ते इतकेच आणि ते पुष्कळ आहे: तुरा ही शरीरातल्या संप्रेरकांची उघडी खूण आहे. फिकट, कोरडा, पातळ तुरा म्हणजे पक्षी अजून वयात आलेला नाही. तुरा आणि चोचीखालचे लोंबते मांस लाल, गुबगुबीत, तेलकट झाले, चेहरा लालसर झाला, की आतले यंत्र सुरू झाले.

लेगहॉर्नच्या तलंगेत ही गोष्ट अगदी स्पष्ट दिसते. या जातीच्या प्रमाणात मादीचा तुरा कसा असावा हे ठरलेले आहे: पुढचा दाता ताठ उभा आणि मागचा भाग एका बाजूला हळूच कललेला. पण तलंग अंड्यावर यायच्या आधी तुरा लहान असतो आणि सगळाच्या सगळा उभा असतो. अंड्यावर यायला लागली की थोड्याच आठवड्यांत तो वाढतो आणि आपल्याच वजनाने कलतो. म्हणजे उभ्या तुऱ्याची लेगहॉर्न तलंग परीक्षकापुढे ठेवणे म्हणजे ती अपुरी असल्याचे स्वतःच सांगणे.

पिसांच्या बाबतीत मात्र संप्रेरकांचा खेळ उलटा आहे. कोंबडीचे गोल टोकाचे, साधे पीस हे मादीच्या संप्रेरकामुळे येते. ते नसेल तर पक्ष्याला कोंबड्याचीच टोकदार, लांब पिसे येतात. म्हणून मानेवर आणि पाठीच्या मागच्या बाजूला टोकदार, चकचकीत पिसे ओघळू लागली की तरणा कोंबडा घडतो आहे असे समजायचे. सेब्राइट या चिमुकल्या जातीत तेही चालत नाही, कारण त्या जातीचा कोंबडाही मादीसारखीच पिसे घालतो. तिथे तुरा आणि बांधा हेच पाहावे लागते. एका जातीची खूण दुसरीला लावायची नाही, हा धडा सेब्राइट फार ठसठशीतपणे देते.

तयार होण्याचा काळ आणि तो निसटण्याचा काळ

पक्ष्याला तयार व्हायला वेळ लागतो एवढेच लोक लक्षात ठेवतात. तयार झाल्यावर तो तसाच राहत नाही, हे विसरतात. पिवळ्या पायांच्या जातींत हे पाय पाहूनच कळते.

लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, प्लिमथ रॉक यांचे पाय पिवळेधमक असावेत अशी अपेक्षा असते. हा पिवळा रंग मका, हिरवा चारा यांतल्या रंगद्रव्यातून येतो आणि कातडीत साठतो. तलंग अंड्यावर आली की तेच रंगद्रव्य अंड्याच्या पिवळ्या बलकाकडे वळते. मग कातडीतला साठा ओसरू लागतो आणि तोही ठरलेल्या क्रमाने: आधी गुदद्वाराभोवतीची कातडी, मग डोळ्याभोवतीचे कडे, मग कानाची पाळी, मग चोच आणि सगळ्यांत शेवटी पाय. काही महिने सलग अंडी दिलेल्या कोंबडीचे पाय जवळजवळ पांढुरके होतात. अंडी थांबली की रंग याच क्रमाने परततो.

आता तुरा आणि पाय यांचा हिशेब एकत्र करा. तुरा कलायला तलंग अंड्यावर यायला हवी, आणि पायांचा रंग टिकायला ती फार दिवस अंडी देत असता कामा नये. लेगहॉर्न तलंगेचा सर्वोत्तम काळ या दोन मर्यादांच्या मध्ये, अंड्यावर आल्यानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत सापडतो. हा काळ थोडाच असतो. पाळणाऱ्याचे कसब तो काळ आणि प्रदर्शनाची तारीख यांची गाठ घालण्यात आहे.

मोठ्या अंगाच्या जातींत हे चित्र वेगळे असते. ब्रह्मा, कोचीन, लँगशान, जर्सी जायंट यांची आधी हाडे वाढतात. चार-पाच महिन्यांचे वय त्यांचे सगळ्यांत कुरूप वय: पाय लांब, छाती सपाट, पिसे तुटपुंजी. मग मांस भरते आणि सगळ्यांत शेवटी पिसांचा डौल येतो. आठ-नऊ महिन्यांच्या आत त्यांच्याकडून फारशी अपेक्षा करू नये, आणि ऐन बहर यायला वर्षही उलटून जाते. आपल्या उपखंडातली असील याहून सावकाश. १९८१ मध्ये अमेरिकन प्रमाण-पुस्तकात तिला स्थान मिळाले, आणि जिथे पाळतात तिथे सगळेच सांगतात की खरा असील दुसऱ्या वर्षी दिसतो: रुंद खांदे, आवळ अंग, दगडासारखा टणक बांधा. पांढऱ्या चेहऱ्याच्या काळ्या स्पॅनिश कोंबडीचा चेहराही पुरता पांढरा व्हायला वर्षाहून अधिक काळ लागतो. याउलट लेगहॉर्न, अँकोना आणि बऱ्याचशा छोट्या बँटम जाती पाच-सहा महिन्यांत रूपाला येतात.

मागे मोजत जायचे

यावरून पुढचे पाऊल सरळ आहे. प्रदर्शनाची तारीख आधी धरायची आणि तिथून मागे मोजत अंडी कधी उबवायची ते ठरवायचे. नोव्हेंबरच्या प्रदर्शनासाठी ब्रह्माची पिल्ले फेब्रुवारी-मार्चच्या आत निघायला हवीत. लेगहॉर्नची एप्रिल-मे मध्ये निघाली तरी चालतात.

मग सगळीच पिल्ले जानेवारीत काढली तर? इथे दिवसाची लांबी आडवी येते. कोंबडीचे शरीर उजेडाचे तास मोजते. दिवस मोठे होत असताना वाढणारी तलंग लवकर वयात येते, लहान होत असताना वाढणारी उशिरा. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली हलक्या जातीची तलंग मोठ्या होत जाणाऱ्या दिवसांत वाढून उन्हाळ्यातच अंड्यावर येते. पुढे शरद ऋतूत दिवस आखडू लागले की ती थोडी पिसे गाळते, बहुधा मानेची. नेमके तेव्हाच प्रदर्शनांचे दिवस असतात. म्हणजे लवकर करायला जाऊन पक्षी प्रदर्शनाच्या वेळी उघडा पडतो. जातीला जितका वेळ लागतो तितकाच द्यावा, जास्तही नको.

अमेरिकेत गावोगावी ‘फोर-एच’ ही मुलांची चळवळ आहे. १९०२ मध्ये ओहायोतल्या क्लार्क परगण्यात तिची सुरुवात झाली. तिची जिल्हा पातळीवरची प्रदर्शने जुलै-ऑगस्टमध्ये भरतात. मुले वसंतात, एप्रिलच्या सुमारास, दुकानातून पिल्ले आणतात आणि जुलैत प्रदर्शनाला घेऊन जातात. तोवर पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचे झालेले असते. कितीही चांगली निगा राखली तरी ते अपुरेच दिसणार. अशा मुलाला दोष पिल्लात आहे असे वाटू नये, म्हणून हा हिशेब त्याला आधीच समजावून सांगायला हवा. त्याला आदल्या वर्षीची प्रौढ कोंबडी दाखवायला द्यावी किंवा चटकन तयार होणारी बँटम जात निवडून द्यावी. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा पहिला अनुभव पडेल चेहऱ्याने संपू नये, ही जबाबदारी मोठ्यांची आहे.

हातात घेऊन पाहायचे

प्रदर्शनाला महिना उरला की कॅलेंडर बाजूला ठेवून पक्षी हातात घ्यावा. परीक्षकही तेच करतो. तो पक्ष्याला डोके पुढे करून पिंजऱ्याबाहेर काढतो, डावा हात छातीखाली घालतो आणि दोन्ही पाय बोटांत धरतो. मग अंगठा छातीच्या मधल्या हाडावरून मागे नेतो. कोवळ्या पक्ष्यात या हाडाचे मागचे टोक लवचीक, कूर्चेचे असते. वय वाढते तसे ते कडक होते. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरले आहे की हाड धारेसारखे लागते, हेही त्याच स्पर्शात कळते. तलंगेच्या मागच्या बाजूला ओटीपोटाची दोन बारीक हाडे लागतात. ती एकमेकींना चिकटून असली तर तलंग अंड्यापासून दूर आहे. मध्ये दोन-तीन बोटे मावू लागली तर ती अंड्यावर आली. कोंबड्याच्या पायामागचा काटा पहिल्या काही महिन्यांत नुसत्या बोंडासारखा असतो. मग पंख उघडायचा, पिसे मोजायची, शेपटीच्या बुडाशी कोंब आहेत का ते चाचपायचे, पाठीवरची पिसे फुंकर मारून बाजूला करायची आणि शेवटी वजन.

घरी हीच तपासणी करताना शेजारी त्याच जातीची एखादी दोन वर्षांची चांगली कोंबडी उभी करावी. एकट्या तलंगेकडे पाहताना आपुलकीमुळे सगळेच गोड दिसते. शेजारी प्रौढ कोंबडी असली की पाठ किती रुंद व्हायची आहे, शेपूट किती भरायची आहे, हे लपत नाही. पिंजऱ्यात शांत उभे राहायची सवयही आधी दोन आठवडे लावावी लागते. घाबरून कोपऱ्यात दबलेल्या तयार पक्ष्यापेक्षा ऐटीत उभा असलेला पक्षी नेहमीच पुढे जातो.

कोवळा पक्षी नेताना आणखी एक विचार करावा. प्रदर्शन म्हणजे शेकडो ठिकाणच्या पक्ष्यांची एकाच छपराखाली गर्दी. बर्ड फ्लूच्या साथीमुळे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कित्येक राज्यांनी अशी प्रदर्शनेच रद्द केली होती. साथ नसली तरी सर्दी-खोकल्याचे साधे जंतू तिथे असतातच, आणि अर्धवट वाढलेल्या, पिसे बदलत असलेल्या पक्ष्याच्या शरीरावर आधीच ताण असतो. परत आणल्यावर त्याला निदान दोन-तीन आठवडे बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळे ठेवावे.

घाईची किंमत जात मोजते

तयार नसलेला पक्षी नेल्याने फार तर बक्षीस हुकते, असे अनेकांना वाटते. नुकसान त्याहून खोल आहे. कोवळ्या गटात बक्षिसे मिळवायची म्हणून जो दर वर्षी सर्वांत लवकर भरणारे पक्षी पुढच्या पैदाशीला ठेवतो, तो नकळत आपल्या सगळ्या कळपाला लवकर वयात येण्याची सवय लावतो. आणि पक्षी वयात आला की हाडांची वाढ मंदावते आणि थांबते. काही पिढ्यांत ब्रह्माचा ब्रह्मापणाच, म्हणजे त्याची उंची, रुंदी आणि भारदस्त चाल, ओसरू लागतो. पाच महिन्यांत सुबक दिसणारा ब्रह्मा वर्षाचा झाल्यावर खुजा निघतो. सावकाश घडणे हा थोराड जातींचा गुण आहे आणि तो राखणे हे पैदास करणाऱ्याचे काम आहे. म्हणून अशा कळपात पुढच्या पिढीचा कोंबडा निवडताना पाचव्या महिन्यातल्या देखणेपणाला किंमत न देता दुसऱ्या वर्षीचा पक्षी पाहूनच निवड करावी.

वर्षाच्या वरच्या पक्ष्यांसाठी वेगळा गट याचसाठी आहे. यंदा तुमचा तरणा ब्रह्मा भरला नसेल, तर त्याला घरी ठेवा. चांगले खाणे द्या, शेपूट मोडणार नाही अशी ऐसपैस जागा द्या, पीसझड निगुतीने पार पाडू द्या. पुढच्या नोव्हेंबरात तो प्रौढ कोंबड्यांच्या गटात उतरेल तेव्हा त्याचे एक वर्ष वाया गेलेले नसेल. त्या वर्षानेच त्याला घडवलेले असेल. तारीख प्रदर्शन ठरवते, गट नियम ठरवतात, आणि तयारी पक्षी ठरवतो. तिसऱ्याचे ऐकून पहिल्या दोघांना थांबवायचा अधिकार पाळणाऱ्याकडे असतो, आणि चांगला पाळणारा तो वापरतो.